आठ डिस्कचं मशीन, अधूनमधून सातच: दुरुस्तीच्या नोंदी

आधी मांडणी सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातच दडलेला होता. लिनक्स, ४ टीबीच्या आठ हार्डडिस्क, एमडीएडीएम या साधनाने त्या एकत्र जोडून केलेला रेड-६ अ‍ॅरे, म्हणजे दोन डिस्क गेल्या तरी काम चालू राहतं. ऑपरेटिंग सिस्टिम वेगळ्या एसएसडीवर. डिस्क १ ते ४ मदरबोर्डच्या साटा पोर्टवर, ५ ते ८ चार पोर्टच्या साध्या साटा कार्डवर. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, ५५० वॉटचा. त्यातून साटा पॉवरच्या दोनच लाइनी निघतात, प्रत्येकीवर तीन कनेक्टर. म्हणजे कनेक्टर सहा आणि खाणारी तोंडं नऊ. उरलेल्यांची सोय दोन वर्षांपूर्वी एका स्प्लिटरने केली होती. तेव्हा वहीत त्याच्यापुढे "तात्पुरता" असं लिहिलेलं आहे.

३ ऑगस्ट

रात्रीचा बॅकअप चालू असताना एक डिस्क गेली. लॉगमध्ये "हार्ड रिसेटिंग लिंक" तीनदा, मग लिंकचा वेग ६ गिगाबिटवरून ३ वर, ३ वरून १.५ वर उतरवल्याच्या ओळी, आणि शेवटी "डिसेबल्ड". नाव एसडीएफ.

एफ म्हणजे सहावं अक्षर, पहिलं एसएसडीचं, म्हणून वरून पाचवी डिस्क, असा हिशेब करून मशीन चालू असतानाच एक डिस्क ओढून काढली. ती पाच नंबर निघाली धडधाकट; गेलेली होती सहा नंबर. ही अक्षरं डिस्कच्या जागेच्या क्रमानेच लागतात असं नाही, हे डोक्यातच आलं नाही. एका क्षणात रेडमधल्या दोन डिस्क कमी. तिसरी गेली असती तर सगळंच बसलं असतं. पाच नंबर परत लावली तर ती एसडीजे नावाने आली, कारण जुनं नाव अजून सुटलेलं नव्हतं. राइट-इंटेंट बिटमॅप, म्हणजे कुठे लिहिणं बाकी आहे त्याची नोंद, चालू असल्यामुळे री-अ‍ॅड करून चार मिनिटांत ती रांगेत आली. बिटमॅप नसता तर पूर्ण रीबिल्ड, म्हणजे सगळी डिस्क नव्याने भरणं, दहा तास.

सहा नंबर काढून पुन्हा लावली, तीही री-अ‍ॅड झाली. एकंदर दोन तास गेले, त्यातला दीड स्वतःच्या चुकीपायी.

४ ऑगस्ट

शहाणपण सुचलं. प्रत्येक डिस्कच्या पुढच्या कडेला सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे लिहिलेली पट्टी चिकटवली. वहीत तक्ता केला: जागा, सिरियल, पोर्ट. पॉवर कुठून येते हा रकाना तक्त्यात नव्हता. तो असता तर या नोंदी इथेच संपल्या असत्या.

स्मार्टसीटीएलने सगळ्यांच्या स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदींचे, आकडे काढले. रीअलोकेटेड सेक्टर (खराब झाले म्हणून बदललेले तुकडे), म्हणजे ५ क्रमांकाची नोंद, आठही ठिकाणी शून्य. १९९ क्रमांकाची नोंद, यूडीएमए सीआरसी एरर, सहा नंबरवर २१४ आणि बाकी सगळीकडे शून्य. सीआरसी वाढतो तो डिस्क आणि पोर्ट यांच्यामधल्या वाटेवर डेटा बिघडला की. प्लॅटरशी, म्हणजे डिस्कच्या आतल्या तबकडीशी, त्याचा संबंध नाही. म्हणजे पहिला संशय केबलवर.

६ ऑगस्ट

सहा नंबरची डेटा केबल बदलली. जुनी केबल कॅबिनेटच्या दारामागे जवळजवळ काटकोनात दुमडली होती, शिवाय मी चारही केबलची मोळी करून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी करकचून आवळली होती. दिसायला छान दिसतं, म्हणून केलं होतं. पट्ट्या कापल्या, केबल मोकळ्या सोडल्या. नवी केबल खटका असलेली घेतली.

हा आकडा केबल बदलल्यावर शून्यावर येत नाही. २१४ चे २१४ च राहणार. वाढतोय का, एवढंच पाहायचं.

९ ऑगस्ट

तीन रात्री बॅकअप सुरळीत. सीआरसी २१४ वर स्थिर. वहीत "प्रश्न मिटला" असं लिहून खाली रेघ मारली. रेघ अजून आहे.

१० ऑगस्ट

सात नंबर गेली. तिचा सीआरसी शून्य, केबलही जागेवर. लॉग या वेळी वेगळा होता, पण तो वेगळेपणा तेव्हा डोळ्यांत भरला नाही. आधी कसलीही कुरकुर नाही, सरळ "लिंक डाऊन", आणि साधारण दहा सेकंदांनी "लिंक अप". तोवर एमडीने, म्हणजे लिनक्सच्या रेड चालवणाऱ्या भागाने, तिला फॉल्टी ठरवून बाहेर काढलेलं.

मी निदान केलं: डिस्क मेली. केबल नाही तर डिस्क, तिसरी शक्यताच धरली नाही. नवी मागवली. जुनीच्या लेबलवर मार्करने मोठ्या अक्षरात "खराब" लिहिलं.

१२ ऑगस्ट

नवी डिस्क सात नंबरच्या जागी. रीबिल्ड १० तास २० मिनिटं. तेवढा वेळ दर अर्ध्या तासाने उठून टक्का बघत बसलो. त्याचा उपयोग काही नसतो, पण बघवतंच.

१३ ऑगस्ट

"खराब" डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून स्मार्टची लांब चाचणी घेतली. सुमारे आठ तास लागले. एकही चूक नाही. इथे खरं तर थांबून विचार करायला हवा होता. मी म्हटलं, कधीकधी चाचणीतही सापडत नाही.

१५ ऑगस्ट

नवी सात नंबर गेली. तिच्या पाठोपाठ आठ नंबरही.

नवीकोरी डिस्क तीन दिवसांत मरणार नाही, एवढं कळलं. आता सहा, सात, आठ यांच्यात समान काय, असा प्रश्न घातला आणि उत्तर लगेच मिळालं: साटा कार्ड. तिघीही त्याच्यावर. उत्तर इतकं सरळ होतं की पुढे शोधलंच नाही. पाच नंबरही त्याच कार्डवर आहे आणि ती आपणहून एकदाही गेलेली नाही, हे समोर असून दिसलं नाही.

१६ ऑगस्ट

दुसऱ्या प्रकारचं कार्ड बसवलं. त्याच बैठकीत साटाचं लिंक पॉवर मॅनेजमेंट बंद करून मॅक्स परफॉर्मन्सवर ठेवलं. वीज वाचवायला लिंक झोपवली की काही डिस्क वेळेवर उठत नाहीत, ही तक्रार खरी आहे, म्हणून तेही करून टाकलं. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या. फरक पडला असता तर कशामुळे, ते कळलं नसतं. अर्थात तशी वेळ आलीच नाही.

सात आणि आठ री-अ‍ॅड केल्या. तीन रात्री शांत.

२० ऑगस्ट

मध्यरात्री तीन डिस्क एकदम: तीन, सात, आठ. रेड-६ ला हे पेलत नाही. अ‍ॅरे बसला, फाइलसिस्टिम रीड-ओन्ली झाली, बॅकअप मध्येच तुटला.

मी तेव्हा मशीनपाशीच होतो, आणि ते कानांनी ऐकलं. आधी एक बारीक "टक्", लगेच दुसरा, मग तिसरा, जवळजवळ एका दमात. हेड घाईने जागेवर जाताना होतो तो आवाज. मग फिरण्याची घरघर खाली खाली गेली, क्षणभर तिथेच राहिली आणि पुन्हा चढत गेली. कॉम्प्युटर सुरू करताना येतो तसा चढता आवाज, फक्त मशीन बंद झालेलंच नव्हतं.

तीन नंबर मदरबोर्डवर आहे. कार्डचा आणि तिचा काही संबंध नाही.

२१ ऑगस्ट

आधी डेटा. असंच कुणाचं झालं असेल तर ही नोंद नीट वाचावी.

मशीन बंद करून चालू केल्यावर आठही डिस्क दिसायला लागल्या, पण अ‍ॅरे सुरू होईना. एमडीएडीएमच्या एक्झामिनने प्रत्येकीचा इव्हेंट काउंट, म्हणजे तिच्यावर नोंदलेल्या बदलांची मोजणी, पाहिला. पाच डिस्कचा सारखा, बाकी तीन १३ ते १९ ने मागे. फरक थोडा असला की असेंबल फोर्स, म्हणजे जबरदस्तीने जुळवणी, चालतं. रेड-६ ला आठातल्या सहा लागतात, म्हणून ते पाच ताज्या आणि मागे पडलेल्यांतली सगळ्यांत पुढची अशा सहा घेऊन उभं राहतं. तसं झालं. क्रिएट ही आज्ञा या वेळी हाताजवळही आणू नये. डिस्कचा क्रम किंवा चंक साइज (डेटा वाटण्याच्या तुकड्याचा आकार) जरा चुकली तर जुन्या अ‍ॅरेवर नवा लिहिला जातो.

उरलेल्या दोन डिस्क मुद्दाम जोडल्या नाहीत. फाइलसिस्टिम रीड-ओन्ली माउंट केली, आणि आधीच्या बॅकअपमध्ये नसलेलं सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. त्यात सगळा दिवस गेला. मग अनमाउंट करून एफएससीके, म्हणजे फाइलसिस्टिमची तपासणी, पहिल्यांदा नुसतं पाहणारं, नंतर दुरुस्त करणारं. लॉस्ट अँड फाउंडमध्ये ११ फाइल सापडल्या, सगळ्या त्या रात्रीच्या अर्धवट लिहिलेल्या. मूळ जागी त्या शाबूत होत्या.

आणि मशीन बंद केलं. कारण सापडेपर्यंत चालू करायचं नाही.

२२ ऑगस्ट

स्क्रू ड्रायव्हरला हात न लावता कागद घेऊन बसलो. काल काढून ठेवलेल्या स्मार्टच्या याद्या पुन्हा वाचल्या, या वेळी फक्त ५ आणि १९९ न बघता सगळ्या. १२ क्रमांकाची नोंद पॉवर सायकल काउंट, म्हणजे डिस्कला वीज किती वेळा नव्याने मिळाली त्याची मोजणी. सगळ्या डिस्क एकाच मशीनमध्ये, एकाच वेळी चालू-बंद होणाऱ्या, तर आकडे सारखे हवेत. निघाले ते असे:

१ नंबर ६३, ४ नंबर ६३.
५ नंबर ६४. हा जास्तीचा एक माझ्या हातचा, ३ तारखेचा.
३ नंबर ६५, ८ नंबर ६९, ६ नंबर ७१.
७ नंबर (नवी) ११. ती बसवल्यापासून मशीन चारदाच सुरू झालंय.

२ नंबर जुनी, दुसऱ्या मशीनमधून आलेली, तिचा आकडा वेगळाच, म्हणून सोडून दिली. १९२ क्रमांकाची नोंद, वीज अचानक गेल्याने हेड मागे घ्यावं लागण्याची, तीही त्याच चौघींवर वाढलेली.

मशीन चालू असताना या चार डिस्कची वीज जात होती. अ‍ॅरेमधून पडल्याच्या नोंदी एवढ्या नाहीत, म्हणजे कित्येकदा डिस्क पडून, उठून, वेळेत परतही आल्या होत्या आणि कुणाला पत्ता लागला नव्हता. मग वहीच्या जुन्या पानांवर पॉवरची जोडणी शोधली. पहिली लाइन: १, २ आणि एसएसडी. दुसरी लाइन: ४, ५ आणि शेवटच्या कनेक्टरवर स्प्लिटर. स्प्लिटरवर: ६, ७, ८, आणि ३, कारण तीनपर्यंत पहिली लाइन पोचत नव्हती.

सहा नंबरवर दोन दोष एकावर एक बसले होते, केबलचा आणि विजेचा. केबलचा खराच होता, म्हणून तो सुटल्यावर मी निवांत झालो.

२३ ऑगस्ट

दार उघडलं. स्प्लिटर एका कनेक्टरची पाच तोंडं करणारा, प्लॅस्टिकमध्ये ओतून बंद केलेला. त्याचं तोंड लाइनीच्या कनेक्टरमधून ओढलं तर सुटेना, हलवून हलवून काढावं लागलं. आतली काळी कड एका बाजूला तपकिरी होऊन किंचित बसलेली, मेणबत्तीच्या कडेसारखी. नाकाशी नेल्यावर जळक्या प्लॅस्टिकचा वास. १५ पिनांपैकी तीन पिनांवरचा सोनेरी मुलामा जाऊन त्या करड्या झालेल्या.

काढण्याआधी मल्टीमीटरने मोजून ठेवलं होतं, स्प्लिटरच्या पाचव्या, मोकळ्या तोंडातून. अ‍ॅरे सुरू केला नव्हता, सगळ्या डिस्कवर एकाच वेळी नुसतं वाचन लावलं होतं. लाल वायरीवर, म्हणजे ५ व्होल्टच्या, ४.७१. पहिल्या लाइनीवर त्याच वेळी ५.०२. मर्यादा ५ टक्क्यांची, खालची हद्द ४.७५. मल्टीमीटर सरासरी दाखवतो, क्षणभराचा खड्डा त्याला दिसतच नाही. प्रत्यक्षात त्याहून खाली जात असणार.

हिशेब कागदावर आधीच करता आला असता. साटा पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टला तीन पिना, प्रत्येकीची क्षमता १.५ अँपिअर, एकूण ४.५. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर २ अँपिअरच्या आसपास ओढते. चार डिस्क म्हणजे आठ. मशीन सुरू करताना दर वेळी त्या तीन पिनांमधून जवळपास दुप्पट प्रवाह जात होता. दर वेळी थोड्या तापायच्या, पकड थोडी सैल व्हायची, रोध वाढायचा, त्यामुळे अजून तापायच्या.

आणि आता दर उपायानंतर तीन-चार शांत रात्री का मिळायच्या, तेही कळलं. ३, ६, १२, १६ ऑगस्ट, प्रत्येक वेळी दार उघडून आत हात घातला होता. वायरी बाजूला सारताना स्प्लिटर हलून पुन्हा नीट टेकायचा. केबल, डिस्क, कार्ड, काहीही बदललं असतं तरी "गुण आला" असंच दिसलं असतं.

२४ ऑगस्ट

स्प्लिटर कात्रीने कापून टाकला, म्हणजे पुन्हा "तात्पुरता" वापरायचा मोह नको.

एसएमपीएसमधून चार पिनांच्या मोलेक्सची एक लाइन निघते, ती इतकी वर्षं गुंडाळून ठेवलेली होती. मोलेक्सची पिन याहून कितीतरी जाड, जास्त प्रवाह सोसणारी. तिच्यावर मोलेक्समधून दोन साटा काढणारे दोन जोड लावले आणि ३, ६, ७, ८ त्यांच्यावर घेतल्या. घेताना बघायचं ते इतकंच: साटाचं टोक ओतीव नको. ओतीव टोकात वायरी आत सरकून एकमेकींना टेकू शकतात आणि त्यांनी पेट घेतल्याची उदाहरणं आहेत. मागून वायर एकेक वेगळी आत शिरताना दिसते, पाठीला छोटं झाकण असतं, तसं क्रिंप केलेलं टोक घ्यायचं.

नवा मॉड्युलर (वायरी सुट्या होणारा) एसएमपीएस घेण्याचाही विचार केला होता. जुना पुरेसा आहे म्हणून सोडला. कुणी बदलणार असेल तर जुन्या एसएमपीएसच्या वायरी नव्याला लावू नका. सॉकेट बसतं, पण पिनांचा क्रम कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीत मॉडेलगणिक वेगळा असतो, आणि ५ च्या जागी १२ व्होल्ट गेले की डिस्क जागच्या जागी जळतात.

दोष ज्याने गेला ते दोन जोड ही या महिन्यातली सगळ्यांत स्वस्त खरेदी.

२५ ऑगस्ट

बाहेर ठेवलेल्या दोन डिस्क री-अ‍ॅड केल्या. पूर्ण अ‍ॅरेवर चेक आणि वरून बॅकअप, एकाच वेळी, अकरा तास. ५ व्होल्ट सर्वांत कमी ४.९६. दहा वेळा मशीन पूर्ण बंद करून चालू केलं. १२ क्रमांकाची नोंद सगळ्यांवर बरोबर दहाने वाढली.

जुनं कार्ड परत बसवलं. तेही ठणठणीत होतं. लिंक पॉवर मॅनेजमेंट मात्र बंदच ठेवलं.

३१ ऑगस्ट

दोन नंबर गेली. क्षणभर हात गळाले. पण पॉवर सायकल वाढलेला नाही, सीआरसी शून्य, आणि लॉगमध्ये ३० सेकंदांचा टाइमआउट. १९७ क्रमांकाची नोंद, वाचता न येणारे पेंडिंग सेक्टर: ८.

ही डिस्क साध्या डेस्कटॉपसाठीची. खराब सेक्टर आला की ती मिनिट-दोन मिनिटं एकटीच झगडत बसते, आणि लिनक्स ३० सेकंदांनी तिला मेली समजून रिसेट करतं. रेडसाठी बनवलेल्या डिस्क ७ सेकंदांत हात वर करतात आणि एमडी तो तुकडा पॅरिटीतून, म्हणजे बाकी डिस्कवर ठेवलेल्या जादा माहितीतून, भरून काढतं. बाकी सातांवर ही सोय चालू आहे हे स्मार्टसीटीएलच्या एससीटी ईआरसीमधून तपासलं. दोन नंबरवर ती सोयच नाही. तिच्यासाठी टाइमआउट १८० सेकंद केला, पण तेवढ्यापुरताच, कारण पेंडिंग ८ चे संध्याकाळपर्यंत ४० झाले. आठांतली खरोखर मरायला टेकलेली हीच एक, आणि महिनाभरात हिच्यावर एकदाही संशय घेतला नाही.

१ सप्टेंबर

दोन नंबरच्या जागी १० ऑगस्टला काढलेली जुनी सात नंबर बसवली. रीबिल्ड १० तास ५ मिनिटं. लेबलवरचं "खराब" स्पिरिटने पुसायचा प्रयत्न केला. सिरियल नंबर पुसट होऊ लागला, म्हणून तसंच राहू दिलं.

१४ सप्टेंबर

दोन आठवडे, एकही ड्रॉप नाही. सहा नंबरचा सीआरसी २१४. वहीच्या तक्त्यात "पॉवर कुठून" हा रकाना घातला.